परवान्यावरचे प्राध्यापक (९) : उलव्याला येणाऱ्या मास्तरांचं काय?

पर्मच्या (अमेरिकी ग्रीन कार्डाआधीच्या कामगार-दाखल्याच्या) जाहिरातीबद्दल आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसावरच्या एक लाख डॉलरच्या फीचा लेख वाचून जासईच्या एका वाचकांनी विचारलंय, ‘‘तुम्ही सारखे अमेरिकेचेच दाखले देता. इथे आमच्या जमिनीवर विमानतळ झाला, आता त्याच्या बाजूला एज्युसिटी होणार म्हणतात. तिथे शिकवायला बाहेरून प्रोफेसर आले तर आपलं सरकार त्यांना ग्रीन कार्ड देतं का?’’

देत नाही. पगारदार प्राध्यापकाला देता येईल असं कार्डच आपल्याकडे नाही. पण हे एका ओळीचं उत्तर देऊन पत्र बाजूला ठेवणं माझ्याने होईना.

१४ जून २०२५ ला मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली : अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची आयईडी ही डिझाइनची संस्था. नवी मुंबईच्या विमानतळालगत सिडको जे शैक्षणिक शहर वसवू पाहतेय ते अशाच संस्थांसाठी. म्हणजे रायगड जिल्ह्याच्या हद्दीत. यूजीसीचे २०२३ चे नियम या संस्थांना शिक्षक निवडायची मोकळीक देतात. अट एवढीच, की पात्रता मूळ देशातल्या कॅम्पसच्या तोडीची हवी. आणि बाहेरून आणलेल्या प्राध्यापकाने इथे किमान एक सत्र तरी राहिलं पाहिजे.

एक सत्र! मला हे कलम फार बोलकं वाटतं. म्हणजे सरकारला धास्ती होती ती मास्तर विमानाने येऊन आठवडाभर शिकवून परत जातील याची. ते कायमचे राहू म्हणतील, हा विचार नियम लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

समजा यॉर्कच्या एखाद्या बाई खरंच विमानतळाशेजारच्या उलव्यात फ्लॅट घेऊन राहिल्या. त्यांना लागेल एम्प्लॉयमेंट व्हिसा. तो देताना आपलं गृह मंत्रालय दोन गोष्टी पाहतं. त्या कामाला लायक भारतीय मोठ्या संख्येने मिळत असतील तर व्हिसा नाही. आणि पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये हवा. यातून सूट कोणाला, तर आपापल्या देशाचं जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांना, इंग्रजी सोडून इतर परदेशी भाषा शिकवणाऱ्यांना, दुभाष्यांना आणि वकिलातीतल्या नोकरांना. आचारी आणि भाषाशिक्षक एकाच पंगतीला बसलेले सरकारी कागदावर मी तरी दुसरीकडे पाहिले नाहीत. पुढे केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांमधल्या अध्यापकांसाठी ही रेषा ९ लाख १० हजारांवर आणली, कारण आयआयटीच्या पगारात परदेशी सहायक प्राध्यापक बसेनात.

व्हिसा मिळाला, चौदा दिवसांत नोंदणी झाली, दरवर्षी मुदतवाढही मिळाली. ती वाढत वाढत एका ठरावीक मर्यादेपर्यंतच जाते. तिथे दोरी संपते. मग मायदेशी जा, नवा व्हिसा काढा, पुन्हा या.

आता नागरिकत्व कायद्याची तिसरी अनुसूची उघडा. परक्या माणसाला भारतीय व्हायचं असेल तर अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने इथे काढलेले हवेत, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं. मुदतीचा परवाना आणि बारा वर्षांची अट! अमेरिकेत या दोन टोकांमध्ये विद्यापीठ उभं असतं. एच-वन-बी तेच काढतं, पर्म तेच भरतं, ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज तेच टाकतं. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी किती लांबलीय ते आधीच्या लेखांत आपण पाहिलंच. पण रांग आहे. इथल्या कुलगुरूंच्या मनात कितीही असलं तरी त्यांनी अर्ज कशाचा करायचा?

मधली पायरी इथे अगदीच नाही असं नाही. २०१६ मध्ये सरकारने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाची योजना काढली : दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी गुंतवा, वर्षाला वीस भारतीयांना रोजगार द्या, दहा वर्षं राहा. एवढे पैसे असलेला माणूस फिलॉसॉफी शिकवायला कशाला येईल? दुसरी पायरी ओसीआयची. आजोबा-पणजोबा भारतीय असतील तर आयुष्यभराचा व्हिसा, नोकरीला वेगळा परवाना नको, नोंदणी नको. माझा अंदाज असा, की एज्युसिटीत जे ‘परदेशी’ प्राध्यापक टिकतील त्यांत न्यू जर्सीहून परतलेले देशपांडे आणि पाटीलच जास्त असतील. पैसा किंवा वंश, या दोन किल्ल्यांनी दार उघडतं. नोकरी ही किल्ली आपण घडवलीच नाही, आणि मला ते चुकीचं वाटतं.

तरीही काही माणसं राहिलीच. मॅक्सिन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठीवर पीएच. डी. केली, जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि १९७८ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. गेल ऑम्व्हेट बर्कलीत सत्यशोधक चळवळीवर प्रबंध लिहून कासेगावच्या सूनबाई झाल्या, १९८३ मध्ये त्यांनी अमेरिकी पासपोर्ट सोडला, पुढे पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासन सांभाळलं. सोडला म्हणजे खरंच सोडला, कारण आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही. विद्यापीठाने पाठीशी उभं राहून या दोघींना इथे कायमचं केलं असं झालं नाही. आधी त्या इथल्या झाल्या, मग कागद झाला. सगळ्याच प्राध्यापकांकडून एवढी मोठी उडी कशी मागायची? मुलाला शाळेत घातलेल्या, आईवडील लीड्सला असलेल्या मध्यमवयीन संशोधकाला पासपोर्ट न सोडता पंधरा वर्षं निर्धास्त राहायचं असतं, इतकंच.

नागरिकत्व कायद्याच्या त्याच तिसऱ्या अनुसूचीतली एक अट मला भलतीच आवडते. अर्जदाराला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी आली पाहिजे. मराठी चालते! आणि ती येते असं एखादी शिक्षणसंस्था किंवा दोन भारतीय माणसं लिहून देऊ शकतात. यॉर्कच्या बाईंची मराठी जासईत घडली तर तिला आगरी वळण असणार. दाखल्यावर सही करणाऱ्यांनी ते ‘पुरेसं’ धरावं, अशी माझी आगाऊ शिफारस.

पत्रात शेवटी एक व्यवहाराचा प्रश्नही होता : गावातले लोक अशा प्रोफेसरांना खोल्या भाड्याने देतील, त्यात काही लफडं? अलिबागकडच्या किहीम-नागावच्या होमस्टेवाल्यांना विचारा, ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणायचे तो अर्ज ते झोपेतही भरतील. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन पाठवायची, पासपोर्ट आणि व्हिसाच्या तपशिलासह. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही ही जबाबदारी जागा देणाऱ्यावरच आहे. भाडेकरू विद्यापीठाचा असला, करार विद्यापीठाने केला, तरी ती टळत नाही. तेव्हा डिपॉझिट घेण्याआधी व्हिसाचं पान बघा, आणि त्यावर एम्प्लॉयमेंटऐवजी टुरिस्ट लिहिलेलं असेल तर चहा पाजून परत पाठवा.