चिठ्ठी कशासाठी टाकायची?

भात पिवळं पडलं की राधानगरीकडच्या एखाद्या गावात तलाठी किंवा कृषी सहायक टेप, खुंट्या, सुतळी आणि वजनकाटा घेऊन बांधावर येतो. कोणतं शेत कापायचं, हे त्याच्या मर्जीवर नसतं. गट नंबर यादृच्छिक अंकांवरून, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखा, निघालेला असतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं लांबीला आणि किती रुंदीला जायचं, तेही अंकच सांगतात. तिथं चौकोन आखून आतलं पीक कापतात, मळतात, तोलतात. ओलावा किती घटतो ते कळावं म्हणून थोडं धान्य वाळवून पुन्हा वजन करतात. हा पीक कापणी प्रयोग.

2016 पासून पंतप्रधान पीक विमा योजनेत याच वजनांच्या आधारे काढलेलं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाशी, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यास भरपाई मिळते त्या पातळीशी, ताडून पाहतात. सोयीसाठी चौकोन रस्त्याकडच्या जोमदार तुकड्यात सरकवला, तर अख्ख्या परिसराच्या भरपाईला फटका बसतो.

ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे कापण्याच्या बाजूचे होते. त्यात वेळ आणि पैसा वाचतो. सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला की उत्पादन फुगून दिसतं. सुतळीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने काठ जास्त. मोठ्या आकड्यांमागची एवढीशी चूक त्यांनी हुडकली, हे त्यांचं मोठेपण.

पण पीक कापणी प्रयोगात कुणी पिकाला काही केलेलं नसतं. जे उगवलं ते मोजलं. चिठ्ठीने फक्त कुठं पाहायचं ते ठरवलं. शास्त्रज्ञ ज्याला काटेकोर अर्थाने प्रयोग म्हणतात, तिथं चिठ्ठीचं काम वेगळं असतं.

शिरोळच्या एखाद्या शेतकऱ्याने उसाचा नवा वाण नदीकाठच्या कसदार रानात लावला आणि जुना क्षारपड तुकड्यात. नवा सरस निघाला, तर श्रेय वाणाचं की मातीचं? कितीही प्रामाणिकपणे तोललं तरी उत्तर मिळत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात 1919 मध्ये रुजू झालेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी यावर उपाय काढला: सारख्या मातीचे गट पाडा, प्रत्येक गटात सगळे वाण लावा आणि कोणता वाण कुठल्या वाफ्यात जाईल ते चिठ्ठीवर सोडा. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांनी 1954 मध्ये शेतीसंशोधकांसाठी लिहिलेल्या संख्याशास्त्राच्या ग्रंथातून ही रीत भारतीय संशोधकांच्या पिढ्या शिकल्या.

उसात मात्र धीर लागतो. आडसाली लागण 16 ते 18 महिने उभी राहते, मग त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा साधारण वर्षभर. दोन्ही तोलून वाणांची तुलना पुरी व्हायला जवळपास अडीच वर्षं जातात.