डॉक्टर होण्यापूर्वीची चार वर्षे

बी.ए. झालेल्या माणसाला डॉक्टर होता येईल का? आपल्याकडे कुणी असा प्रश्न विचारला तर लोक त्याची थट्टाच करतील. दहावीनंतर ज्याने विज्ञान शाखा सोडली, त्याच्यासाठी तो दरवाजा जवळजवळ बंदच झाला. अमेरिकेत मात्र या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे. ते कसे, हे आज समजून घेऊ.

आपल्याकडे बारावी झाली की मुले थेट एमबीबीएसला जातात. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, मग चार वर्षे मेडिकल कॉलेज आणि त्यानंतर तीन ते सात वर्षे रुग्णालयातले प्रशिक्षण. पदवीच्या काळात जे विद्यार्थी वैद्यकाची तयारी करतात, त्यांना 'प्री-मेड' म्हणतात. माझी एक भाची न्यू जर्सीत वाढली. कॉलेजात तिने इतिहास हा मुख्य विषय घेतला, तेव्हा आमच्या आपाच्या घरात सन्नाटा पसरला. मुलगी डॉक्टर होणार म्हणाली होती, आणि हे काय? भाचीने मला फोनवर समजावले, "मामू, प्री-मेड ही काही पदवी नाही, तो इरादा आहे. विषय कुठलाही घेता येतो."

मात्र इरादा केला म्हणजे विज्ञान टळले असे नाही. मुख्य विषय इतिहास असो की संगीत, जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन आणि पदार्थविज्ञान हे विषय प्रयोगशाळेसह करावेच लागतात. जीवरसायनशास्त्रही आता बहुतेक कॉलेजे मागतात. म्हणजे बी.ए.च्या अभ्यासाच्या पाठीवर बी.एस्सी.चे ओझे असते, आणि ते हसत उचलावे लागते.

ही पद्धत तिथेही पहिल्यापासून नव्हती. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. पदवीची अट नव्हती. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सने आपले मेडिकल कॉलेज उघडताना पदवीची अट घातली. त्या काळी अनेक कॉलेजे फी भरील त्याला प्रवेश देत. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर या गृहस्थांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय संस्था पाहून कडक अहवाल लिहिला आणि चित्र पालटले. वैद्यकाकडे येण्यापूर्वी विद्यार्थ्याने निदान दोन वर्षे कॉलेजात विज्ञान शिकलेले असावे, असा त्यांचा आग्रह होता. या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. अनेक कॉलेजे बंद पडली, आणि त्यांत कृष्णवर्णीयांसाठी असलेली बहुतेक कॉलेजे होती. गंमत अशी, की हे फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. ते शाळामास्तर होते आणि बी.ए. होते!

आता प्रवेश परीक्षेकडे वळू. तिचे नाव एमकॅट. प्रश्न २३०, वेळ सव्वासहा तास, गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान. तिचे चार भाग असतात. दोन भाग विज्ञानाचे, तिसऱ्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र. चौथ्या भागात विज्ञान अजिबात नाही. साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, कला अशा विषयांवरचे उतारे देतात आणि विचारतात, लेखकाला काय म्हणायचे आहे? त्याचा युक्तिवाद कुठे लंगडा पडतो? ९० मिनिटांत ५३ प्रश्न. बाहेरची माहिती लागत नाही, लागते ती नीट वाचण्याची सवय. विज्ञानात तरबेज असलेली पुष्कळ मुले इथे अडखळतात, कारण ही सवय दोन महिन्यांच्या क्लासात लागत नाही.

परीक्षेने काम संपत नाही. विद्यार्थ्याने रुग्णालयात किंवा दवाखान्यात सेवा केली आहे का, डॉक्टरांच्या मागे राहून त्यांचे काम पाहिले आहे का, संशोधनात हात घातला आहे का, हे पाहिले जाते. प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात. 'मला डॉक्टर का व्हायचे आहे' यावर ५३०० अक्षरांच्या आत निबंध लिहावा लागतो, आणि मग मुलाखत. हे सगळे एका वर्षात जमत नाही, म्हणून आता बहुतेक मुले पदवीनंतर एखाद-दोन वर्षे काम करून मग मेडिकलला जातात.

साहित्याच्या विद्यार्थ्याचा इथे निभाव लागतो का? अमेरिकेतल्या आकडेवारीप्रमाणे सर्वाधिक अर्ज जीवशास्त्राच्या मुलांचे असतात, पण मानव्यविद्येच्या मुलांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण त्यांच्याहून कमी नाही. हॅरॉल्ड व्हार्मस यांनी इंग्रजी साहित्यात बी.ए. आणि एम.ए. केले, मग ते मेडिकलला गेले. शिकत असताना ते काही महिने बरेलीच्या मिशन रुग्णालयात राहिले होते. कर्करोगावरच्या संशोधनासाठी १९८९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहा. २०२४ साली तिथे सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. म्हणजे निम्म्याहून अधिक त्या वर्षी बाहेर राहिले. ज्यांना शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते, त्यांच्यावर शेवटी साधारण दोन लाख डॉलरचा बोजा असतो. इथून मुलीला किंवा मुलाला पदवीसाठी तिकडे पाठवून 'पुढे डॉक्टर होईल' असे ठरवणाऱ्या आईवडिलांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनेक मेडिकल कॉलेजे परदेशी नागरिकांना घेतच नाहीत, घेतात त्यांच्याकडेही जागा मोजक्या असतात. भारतातली पदवी बहुतेक ठिकाणी तेवढ्याने पुरत नाही, तिथल्या कॉलेजात काही काळ शिकावेच लागते. घर गहाण टाकण्याआधी ही चौकशी करावी.

मग आपण यातून काय घ्यावे? आपल्याकडे २०२४ साली २३ लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' दिली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. या गर्दीत कुणी मुलांना कादंबरी वाचा म्हणत नाही, आणि त्याबद्दल मी पालकांना दोषही देत नाही. पण एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच २०१९ पासून संवाद, वर्तन आणि नीतिमूल्ये यांचे स्वतंत्र धडे आले आहेत. सुरुवातीच्या पायाभूत वर्गात स्थानिक भाषाही शिकवतात. म्हणजे गरज आपल्यालाही कळली आहे.

शेवटी रुग्ण डॉक्टरांपुढे बसतो तो स्वतःची भाषा घेऊन. 'कसंसंच होतंय', 'जीव घाबरतोय', 'पोटात कालवाकालव होते' असे तो सांगतो. ही वाक्ये रसायनशास्त्राच्या पुस्तकात नाहीत. ती आजीच्या, शेजारणीच्या, बाजारातल्या माणसांच्या तोंडी आहेत, कथाकवितांतही आहेत. तुमच्या घरात कुणी डॉक्टर व्हायचे म्हणून अभ्यासाला बसले असेल, तर त्याचे तास जरूर मोजा. त्यातला एखादा तास मात्र आजारी आजोबांजवळ बसून त्यांचे सगळे बोलणे मध्ये न तोडता ऐकण्यासाठी राखून ठेवा. तोही अभ्यासच आहे.