मोगरीचा अंमल

कार्तिक शुद्ध एकादशीस सूर्य माथ्याकडे सरकू लागला, म्हणजे जुन्या जळगावातील श्रीराम मंदिरापुढे रथाची आरती होते, जाडजूड दोर शेकडो हातांत जातात, आणि ज्या गल्ल्यांतून एरवी दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला निमूट मागे हटावे लागते, त्याच गल्ल्यांतून फुलांनी मढवलेला तो उंच लाकडी रथ आपल्या जड चाकांवर डोलत चालू लागतो. सद्गुरू अप्पा महाराजांनी १८७२ साली घालून दिलेली ही वहिवाट दीडशे वर्षे उलटून गेली तरी चालू आहे. गाव त्या काळी केवढे होते आणि आज केवढे झाले आहे, याचा विचार करणाऱ्यास एकच प्रश्न पडावा: गल्ल्या त्याच, रथही तोच आणि माणसे मात्र अनेक पटींनी वाढलेली असताना हा सोहळा निभावतो कसा?

ज्यांना आपण थीम पार्क म्हणतो त्या करमणुकीच्या उद्यानांनी या प्रश्नाचे उत्तर कुंपणात शोधले. अमेरिकेतील अनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड निमंत्रितांसाठी उघडले, तेव्हा बनावट निमंत्रणपत्रे घेऊन आलेल्यांची अशी झुंबड उडाली की खाद्यपेये संपली आणि व्यवस्थापकांना गर्दीचे शास्त्र नव्याने शिकणे भाग पडले. आज अशा उद्यानांत आत गेलेल्या प्रत्येकाची फाटकावर मोजदाद होते. आकडा मर्यादेस भिडला की तिकीटविक्री थांबते, आणि आतले काही लोक बाहेर पडल्यावाचून बाहेरच्यांना प्रवेश मिळत नाही. आत रांगेला इतकी वळणे दिलेली असतात की उभ्या माणसास आपण पुढे सरकत आहोत असे सतत वाटत राहावे. १९९९ साली डिस्नेने पाळण्यांसाठी वेळ नेमून देणाऱ्या चिठ्ठ्याही काढल्या, म्हणजे माणसाने रांगेत न ताटकळता दुसरीकडे फिरावे. आणि पाळण्यांपुढची दाटी हटेना, तर रस्त्यावरून एखादी मिरवणूक काढून लोकांचे पाय तिकडे वळवावेत, हीही तेथील एक युक्ती आहे.

ही शेवटची युक्ती खानदेशास कोणी शिकवावी लागली नाही. जळगावास फाटक नाही, तिकीट नाही, आणि ‘आता गाव भरले, परत जा’ असे रामाच्या दारी आलेल्यास सांगण्याचा अधिकार ना संस्थानास आहे ना फौजदारास. म्हणून येथे माणसाने दैवतापर्यंत जाण्याऐवजी दैवतच माणसापर्यंत येते. कोल्हे वाडा, तेली चौक, सुभाष चौक, दाणा बाजार असा मुक्काम-दरमुक्काम करीत रथ गावभर फिरतो आणि रात्री ‘रथ चौक’ नावाच्या चौकात परततो. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्याशी तो थांबतो आणि तेथे फुलांची चादर चढते, तेव्हा सौहार्दाचा जुना दस्तूर पाळला जातोच, शिवाय दोर ओढणाऱ्यांना दम घेण्यास आणि मागे रेंगाळलेल्या गर्दीस पांगण्यास उसंतही मिळते. त्यापूर्वी प्रतिपदेपासून रोज रात्री निघणाऱ्या वहनांचेही तसेच आहे. देव कधी घोड्यावर, कधी हत्तीवर, कधी गरुडावर बसून वेगवेगळ्या वस्त्यांत जातात. आणि ज्या म्हाताऱ्यास एकादशीच्या रेट्यात उतरण्याचे धाडस नाही, त्याचे दर्शन आधीच घरासमोर झालेले असते. एका दिवसाचा भार अनेक रात्रींवर वाटून देण्याची ही तजवीज कोणत्या हिशेबनिसाने केली नसेल. परंतु तिचा हिशेब बिनचूक आहे.

तथापि या साऱ्या इंतजामाची किल्ली एका लाकडाच्या तुकड्यात आहे. त्याचे नाव मोगरी. घरी धुणे बडवायची मोगरी असते, तिचेच हे थोरले भावंड. रथाला सुकाणू नाही आणि लगामही नाही. पुढचे शेकडो लोक दोर ओढतात ते केवळ पुढे जाण्यासाठी. वळायचे कोठे आणि थांबायचे केव्हा, हे चाकाजवळ वाकून चालणारी मोजकी माणसे ठरवतात. लांब दांड्याची मोगरी ते फिरत्या चाकाच्या वाटेत सरकवतात. चाक तिच्यावर चढू पाहते, लाकूड करकरते, आणि रथ अडतो. एकाच बाजूचे चाक अडवले किंवा मोगरी तिरकी धरली, की चाक घसरते आणि रथाचे तोंड इंच-इंच वळते. चेंगरण्याचे भय असते ते याच माणसांना सर्वांत जवळून, म्हणून त्यांचे डोळे रथावरील मूर्तीकडे नसतात, चाकाच्या पुढच्या वीतभर जमिनीवर खिळलेले असतात. आणि ‘मांगे सरका रे भो!’ ही त्यांची आरोळी वाद्यांच्या गजरातही पहिल्या ओळीतल्या प्रत्येकास बरोबर ऐकू जाते.

मोगरी रथ अडवते असे आपण म्हणतो. वस्तुतः ती गर्दी अडवते. रथ झपाट्याने चालला तर मागचे धावतील, पुढचे पडतील आणि कडेचे भिंतीशी दाबले जातील. तो दर शंभर पावलांवर थबकतो, म्हणून रेटा विरतो आणि आडगल्ल्यांत उभ्या असलेल्यांस पुढे येऊन, हात जोडून, परत फिरण्यास अवधी मिळतो. मंदगती हेच येथील फाटक होय.

परंतु या फाटकालाही मर्यादा आहे, हे भक्तीच्या भरात विसरून चालणार नाही. तीस मीटर लांब-रुंद चौकात चौरस मीटरला चार माणसे धरली, तर छत्तीसशे मावतात आणि त्यांना निदान हात हलवता येतो. तोच आकडा सहा-सातांवर गेला, की माणूस स्वतःच्या पायांवर राहत नाही. जमाव पाण्यासारखा हेलकावतो आणि मागून येणारा धक्का कोणाच्याही इच्छेवाचून पुढे पोचतो. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीस तीनशेच्या आसपास भाविक प्राणास मुकले. चढाची अरुंद वाट, दुतर्फा दुकाने आणि माघारी फिरण्यास जागा नाही, असा तेथील प्रसंग होता. वाट एकच असली, की मंद गतीही तारत नाही. जळगाव आजवर तरले त्यात मोगरीइतकाच वाटा मार्गास पदोपदी फुटणाऱ्या गल्ल्यांचा आहे.

धुळ्याच्या खोल गल्लीतील बालाजीचा रथ, पारोळ्याच्या बालाजीचा रथ आणि आषाढीस निघणारा पिंप्राळ्याचा रथ, या सर्वांचे जगणे अशाच मोकळ्या गल्ल्यांवर अवलंबून आहे. पोलिसांचा बंदोबस्त, नगराची आज्ञापत्रे आणि उंच खांबांवरील कॅमेरे आज मदतीस आले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. पण एखाद्या दुकानदाराने त्या दिवसापुरता गल्लीच्या तोंडाशी मांडव ठोकला, किंवा कोणी तेथे दुचाक्यांची रांग लावली, तर त्याने गर्दीची सुटकेची वाट बुजवली, एवढे समजावे. म्हणून वाचकांस विनंती इतकीच, की येत्या एकादशीस सुभाष चौकात घुसण्याचा हट्ट धरू नये. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, मुलाचा हात धरून आणि मागची वाट मोकळी ठेवून उभे राहावे. रथ तेथे येणार आहे. उशीर झाला, तर मोगरीवाल्याने तो मुद्दाम केला आहे असे समजून वाट पाहावी.