शत्रूच्या सोंगटीवाचून विजय नाही

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याच्या राजाला कोंडीत पकडले की डाव संपतो. मध्ययुगीन युरोपातल्या मठांमध्ये मात्र असा एक पटखेळ रंगत असे, ज्यात शत्रूची सोंगटी मारून भागत नसे, तिच्यासह आकड्यांचा मेळ जुळवावा लागे. या खेळाचे नाव रिथमोमाकिया. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या आसिलो या धर्मगुरूने १०३०च्या सुमारास त्याचे वर्णन लिहिले. पुढे रायखेनाऊ मठातला विद्वान साधू हेरमान यानेही त्यावर लेखन केले.

पट आठ बाय सोळा घरांचा. दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीस सोंगट्या; गोल, त्रिकोणी, चौकोनी. प्रत्येकीवर एक संख्या. एका बाजूच्या संख्या २, ४, ६, ८ पासून तयार केलेल्या, दुसरीच्या ३, ५, ७, ९ पासून. सम बाजूकडे ९१ किमतीचा एक मनोराही असे, कारण १ ते ६ या संख्यांच्या वर्गांची बेरीज ९१ भरते.

मारायची तर हिशेबाने. सम बाजूचा ४ आणि समोरचा १२ यांच्यात तीन घरांचे अंतर असेल, तर चार त्रिक बारा, म्हणून १२ पडतो. किंवा ४ आणि ८ यांनी त्याला दोन बाजूंनी घेरले, तर बेरजेनेही पडतो.

हा १२ मोलाचा. सर्वश्रेष्ठ विजयासाठी ६, ८, ९, १२ अशी मांडणी चालते. ६, ९, १२ ही अंकगणिती श्रेढी. ६ला ८ तसा ९ला १२, हे भूमितीय प्रमाण. ६, ८, १२ ही हरात्मक श्रेढी. सम बाजूकडे ६, ८, ९ आहेत. १२ फक्त विषम बाजूकडे. तो जिंकून आणल्याशिवाय हा मेळ जमतच नाही. तारांच्या लांबीत हीच प्रमाणे संवादी स्वर देतात. ६ आणि १२ मध्ये एका सप्तकाचे अंतर पडते.

खेळणारे मुख्यतः भिक्षू आणि कॅथेड्रलच्या शाळांतले विद्यार्थी. सहाव्या शतकातल्या बोएथियसचे अंकगणित त्यांना शिकावेच लागे. पटावर तेच प्रमाणशास्त्र हातात येई. थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’तले (१५१६) नागरिकही असाच संख्यांचा खेळ खेळतात.

सतराव्या शतकात गणित बीजगणिताकडे वळले आणि बोएथियस अभ्यासक्रमातून मागे पडला. त्याच काळात हा खेळही विस्मरणात गेला. बुद्धिबळ शिकायला कुठलेही पाठ्यपुस्तक आधी वाचावे लागत नव्हते. रिथमोमाकियाची सगळी गंमतच पाठ्यपुस्तकावर उभी होती.