अठरा पूर्ण झाली, आता सही कोणाची?

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. मग बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही बँकेत विचारणा होते, ‘पालकत्वाचा दाखला आणलाय?’

तो राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार मिळतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्षाचा हिशेब तिला द्यावा लागतो. अर्ज घेतानाच हे पालकांना नीट समजावून सांगायला हवं.

संजय गांधी निराधार अनुदानासाठी तहसील कार्यालय गाठायचं आणि दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यायचा. बोटाचा ठसा मागितला की खरी कसोटी. सेरेब्रल पाल्सीत आवळलेली मूठ आई एकेक बोट धरून सोडवते, तरी यंत्रावर ठसा उमटत नाही. आधार नोंदणीत अशांसाठी बायोमेट्रिक सवलतीची तरतूद आहे. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याची मंजुरी आईवडील हयात असतानाच घेऊन ठेवता येते.