सिंधुदुर्गांतील संसार

मालवणास जाऊन सिंधुदुर्ग न पाहतां परत आलेला प्रवासी विरळाच. बंदरावरून होडींत बसावें, खडकांमधून वाट काढीत पाव तासांत कुरटें बेट गांठावें, तासाभरांत तट, मंदिर आणि विहिरी पाहून घ्याव्यात व होडीवाल्याची हांक ऐकूं येतांच परत फिरावें, असा सर्वांचा क्रम असतो. वैशाखाच्या अखेरीस आम्हीही तसेच गेलों होतों. दरवाजांतून आंत शिरून थोडें चाललों नाहीं तोंच आमच्या कुटुंबाचें लक्ष एका घरापुढें वाळत घातलेल्या लुगड्याकडे गेलें. वाऱ्यानें तें निशाणासारखें फडफडत होतें. "अगोबाई, येथें कोणी राहतेंसें दिसतें!" कुटुंब म्हणालें.

किल्ला आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहिलेला असतो. त्यांत आजही कोणाची चूल पेटत असेल, हें सहसा मनांत येत नाहीं.

शके १५८६, मार्गशीर्ष वद्य द्वितीया, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ या दिवशीं शिवछत्रपतींनीं या किल्ल्याचा पाया घातला. त्या वेळीं जेथें पूजा झाली तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर अजून दाखवितात. बेटाचा विस्तार सुमारें ४८ एकर; तट जवळजवळ दोन मैल लांब, ३० फूट उंच आणि १२ फूट रुंद. पायाच्या दगडांत शिसें ओतलें होतें. १७६५ सालीं इंग्रजांनीं किल्ला घेतला व त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असें नांव दिलें. पण पुढच्याच वर्षीं तो कोल्हापूरकरांस परत द्यावा लागला आणि तें नांव कोणाच्या तोंडीं बसलेंच नाहीं. ११ जुलै २०२५ रोजीं जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेण्यांत आले त्यांत सिंधुदुर्गही आहे. त्यामुळें आतां पाहुण्यांची रीघ अधिकच लागणार, हें उघड आहे.

तटाच्या आंत मात्र थोडींच घरें उरलीं आहेत. हिंदूंचीं आहेत तशीं मुसलमानांचींही आहेत. वाडवडिलांपासून किल्ल्याच्या चाकरींत असलेलीं हीं कुटुंबें. राजाराम महाराजांनीं बांधविलेल्या श्रीशिवराजेश्वराच्या मंदिरांत नित्य पूजा होते, ती यांच्यामुळें. मूर्तीच्या मस्तकावर दर्यावर्दी लोकांसारखी टोपी आहे; महाराजांचें तें रूप पाहून आमच्यासारख्या घाटावरच्या माणसांस क्षणभर चुकल्यासारखें होतें, आणि मग ज्या ठिकाणीं आपण उभे आहों तेथें हेंच शोभतें असें वाटूं लागतें.

लुगडें वाळत घातलेल्या घराच्या पडवींत एक वृद्ध बाई बसल्या होत्या. त्यांनीं कोकमाचें सरबत पुढें केलें. पाणी इतकें गोड कीं आम्हीं तें मालवणाहून आणतां काय, असें विचारलें. त्या हंसल्या व त्यांनीं विहिरीकडे बोट दाखविलें.

चोहोंकडे खारा समुद्र आणि मध्यें दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी! याला चमत्कार म्हणण्याचा मोह होतो. पण शास्त्राची उपपत्ति चमत्काराहून कमी नवलाची नाहीं. गोडें पाणी खाऱ्याहून किंचित् हलकें असतें. बेटावर पडलेला पाऊस जमिनींत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो. समुद्रसपाटीच्या वर १ फूट गोडें पाणी सांचलें कीं तें खाऱ्या पाण्याला सुमारें ४० फूट खालीं दाबून धरतें. लक्षद्वीपांतील लोक अशाच पाण्यावर जगतात. मात्र हा हिशेब उलटाही चालतो. वरचें फूटभर पाणी उपसून काढलें तर खालचें खारें पाणी त्याच्या चाळीसपट वर येऊं पाहतें, आणि एकदां विहीर खारट झाली कीं ती पुन्हां गोडी होण्यास किती पावसाळे जातील, कोणी सांगावें! किल्ल्यांतच पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय व्हावी, असें आमच्या होडींतील एक गृहस्थ मोठ्या उत्साहानें सांगत होते. त्यांनीं हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा.

वाऱ्याचें तर विचारूंच नका. सकाळीं जमिनीकडून मतलई वारा येतो. दुपारीं तो फिरून समुद्रावरून सुटतो, आणि उन्हानें तापलेल्या तटावर उभें राहिलें तरी घाम म्हणून टिकत नाहीं. पाहुण्यांस हाच वारा आवडतो. पण १६ मे २०२१ च्या सुमारास तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलें तेव्हां त्याचें दुसरें रूप दिसलें. समोरच्या राजकोटावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, तेव्हांही प्रथम वाऱ्याचेंच नांव पुढें करण्यांत आलें. तोच वारा साडेतीनशें वर्षें या तटावर आदळतो आहे.

मेअखेरीस प्रवाशांच्या होड्या बंद होतात, त्या पावसाळा सरेपर्यंत. त्याआधीं आगोट भरावी लागते. तांदूळ, कुळीथ, सोलें, मीठ, कोरडीं लांकडें, औषधें, सारें घरांत आणून टाकायचें, आणि पश्चिमेच्या अंगास झांपें बांधून पडवी झांकून घ्यायची. समुद्र चार घटका निवळला तर होडी पलीकडे जाते. न निवळला तर आठ आठ दिवस जात नाहीं. दिवस भरत आलेल्या सुनेला बाईंनीं आषाढाआधींच मालवणास नेऊन ठेवलें होतें. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करतांना पलीकडच्या गांवांत सण असतो; येथें, वाट मोकळी होण्याचे दिवस आले, म्हणून सुटकेचा निःश्वासही असतो.

"पावसांत तुम्हांला एकटें वाटत नाहीं?" असें कुटुंबानें विचारलें.

"बाय, पावसात हंय कोण येता? आमी आणि देव," त्या म्हणाल्या.

मुलगा मालवणांत नोकरीस आहे. नातवंडांची शाळा तेथेंच, म्हणून सूनही तेथेंच. बाई व त्यांचे दीर असे दोघेच आतां येथें कायम राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलें येतात, तटावर हुंदडतात, विहिरींत डोकावतात, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वीं बाप येऊन त्यांना घेऊन जातो. शेजारचें एक घर बंद होतें. त्याच्या ओसरीवर माडाच्या झांवळ्या पडून वाळल्या होत्या. त्या कोणी उचलल्या नव्हत्या.

बाहेरून होडीवाल्याची हांक आली. आमचा तास संपला होता. निघतां निघतां कुटुंबानें सहज विचारलें, यंदाची आगोट भरून झाली का?

"झाली," बाई म्हणाल्या. मग थोडें थांबून त्यांनीं सांगितलें कीं पूर्वीं तांदळाचीं दोन पिंपें लागत, यंदा एकच भरलें आहे.