घरगुती पीसीबी निर्मितीत तांब्याच्या जाडीचे महत्त्व

मुद्रित परिपथ फलक, म्हणजेच पीसीबी, घरी तयार करताना खरी कसोटी लागते ती ०.५ मि.मी. अंतरावर पाय असलेल्या आयसीसाठी. फेरिक क्लोराईडचे द्रावण तांबे केवळ खालच्या दिशेने नव्हे, तर संरक्षक थराखालून आडवेही विरघळविते. तांबे ३५ मायक्रॉन जाड असून दोन्ही कडांना तेवढीच झीज झाली, तर ०.२५ मि.मी. रुंदीची पट्टी सुमारे ०.१८ मि.मी. उरते, १८ मायक्रॉनच्या तांब्यात ही हानी निम्म्यावर येते. म्हणून रेखाटनाच्या अचूकतेइतकीच तांब्याची जाडी निर्णायक ठरते. अनावश्यक तांबे निघून जाताच फलक पाण्याने धुणेही तितकेच आवश्यक आहे. वापरलेल्या द्रावणात तांब्याचे विषारी क्षार असल्याने ते गटारात ओतणे सर्वथा टाळावे.